अवाजवी

दुभाष्यानं प्रथमपुरुषी बोलायचं, असा नियम आहे.
म्हणून ब्रॅडफर्डमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक नऊमध्ये
सकाळपासून मी रमाकांत खवणेकर आहे.
चौदा वर्षांपूर्वी स्वयंपाकी म्हणून आलेला,
व्हिसा संपला तरी न गेलेला.

तो म्हणतो, शाळेआधी मी तिची वेणी घालतो.
मी ते इंग्रजीत म्हणते,
आणि क्रियापदातला बाप गळून पडतो.
इंग्रजीत वेणी कुणीही घालावी.

सरकारचा वकील तरुण आहे, सर्दीनं बेजार.
म्हणतो, व्हिडिओ कॉलवर नातं टिकू शकतं.
मी ते मराठीत आणून ठेवते.
रमाकांत जरा वेळानं विचारतो, 'वेणी?'
तेवढाच एक शब्द मी पलीकडे नेते.
न्यायाधीशबाई लिहून घेतात.

वकील म्हणतो, देशाला सरहद्द असते,
कोण आत राहील ते देशानं ठरवायचं.
त्याला खोटं कसं म्हणू?
मीही रात्री दाराची कडी दोनदा बघते.
रांगेत उभी राहिले, फिया भरल्या, परीक्षा दिली,
राणीच्या नावानं शपथ घेतली.
रांग मोडणाऱ्याचा राग मलाही येतो.
आज तर 'मी' म्हणूनच मोडली आहे.

मग येतो तो प्रश्न :
बाप गेला तर मुलीवर होणारा परिणाम
अवाजवी कठोर ठरेल का?
बारा वर्षं हाच शब्द वापरते आहे, अवाजवी.
वाजवी म्हटलं की मला वेंगुर्ल्याचा बाजार आठवतो,
बांगड्यांचा वाटा, आणि आईचं 'वाजवी सांग गो बाये'.
म्हणजे थोडं कठोर चालेल.
इतकं तर कुठल्याही ताटातुटीत होतंच.
त्याच्या वर किती?

रूबी बाहेर डॉनाच्या मांडीला टेकून चित्र रंगवते आहे.
कागदोपत्री ती 'पात्र मूल'.

बाईंच्या हाती तराजू नाही.
पिवळं पॅड, मधोमध उभी रेघ.
समोरून सगळं उलटं दिसतं,
मी वाचायचा प्रयत्न करत नाही.

निकाल राखून ठेवला.
आमच्याकडे उशिरा येणाऱ्यासाठी भात राखून ठेवतात,
वर ताटली झाकून.
मी फक्त म्हटलं, पत्र येईल.

लिफ्टपाशी तो विचारतो,
'ताई, तुम्हाला काय वाटतं?'
दुभाष्याला मत नसतं, तोही नियमच.
एवढ्यात रूबीची वेणी सुटली.
त्यानं रबर दातांत धरलं,
तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं,
आणि तीन पेड वेगळे केले.

लिफ्ट आली, उघडली, मिटली.
आम्ही कुणीच आत गेलो नाही.