पाहा : रापण

'व' या अक्षरापाशी आम्ही तीन दिवस अडलोय.
वखार, डचांची : झाली.
वडे : झाले, थोड्या भांडणानंतर.
वायंगण शेती : झाली.
मधेच एक कार्ड उरलंय, त्याला कोणी हात लावत नाही.

वाटा : फायली वाटून घेण्याचं संकेतस्थळ.
काढलं इनास डिसोझाने, वेंगुर्ल्यात, दाभोसवाड्यात,
सायबर कॅफेमागच्या खोलीत, जिथे आधी बर्फ फोडायचे.
आता बंद.

वाचनालयाच्या माडीवर पंखा फिरतो,
कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक तिसऱ्याची शिंप.
आजगावकर सर चष्मा पुसतात. "स्वतंत्र संदर्भ?"

आहेत, दोन.
एक कात्रण, ज्यात इनासचं आडनाव चुकलंय
आणि बातमीचा शेवट लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीखाली गेलाय.
दुसरा संदर्भ, वकिलाची नोटीस.

"म्हणजे चोर."

मी नाही म्हणत नाही.
होतेच तिथे चोरलेले सिनेमे,
पडद्यासमोरून कुणाचं तरी डोकं मुतायला जाणारे.
पण त्यांच्याच शेजारी
भरती-ओहोटीचं कोष्टक होतं, कुणा तांडेलाच्या हस्ताक्षरात,
दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर, भूमितीचा फाटलेला,
दशावताराची एक अख्खी रात्र,
जिच्यात संकासुर मरायच्या आधीच कोंबडा आरवतो,
आणि सकीना मुजावरच्या बापाने शारजातून पाठवलेली कॅसेट,
घरच्यांसाठीची, चुकून सगळ्यांना खुली.
बाप विचारतो, विहिरीला पाणी किती आहे.
मग खोकतो. मग पुन्हा विचारतो.
सतराशे लोकांनी ती उतरवून घेतली.

"कशाला?" सर विचारतात.
ठाऊक नाही, सर. त्या सतराशेंत मी एक.

ते कसं चालायचं हेही विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, रापण.
दोराला हात लावला की वाटा.
वाळूत उगाच उभं असलेलं पोर, त्यालाही मूठभर तारली.
फरक इतकाच, तिथे मासळी संपायची,
इथे जो न्यायचा त्याच्याचकडून पुढचा न्यायचा.
शेवटचा माणूस दोर सोडेपर्यंत जाळं पाण्यात.

डचांच्या वखारीला दीड पान दिलंय आपण.
छप्पर नाही, आत पिंपळ, बाहेर बकऱ्या.
त्यांनी कुणाला काय वाटलं?
"पण तिच्या भिंती आहेत", सर म्हणाले,
आणि यावर मला खरंच काही सुचलं नाही.
इनासचा सर्व्हर भंगारात गेला, पंचवीस रुपये किलोने.
त्याच्यावर पिंपळ उगवायचा तर कुठे?

इनास हल्ली शिरोड्याला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकतो.
फोनवर हसला. "मेल्ल्याक कित्याक उठयतास?
माझ्या बायलेक म्हायत ना मियां असां कायतरी केललंय म्हणान."

मतदान झालं. तीन विरुद्ध तीन.
सातव्या तुळसकर बाई, एसटी चुकेल म्हणून
मत न देताच जिना उतरल्या,
जाता जाता म्हणाल्या, "ती कॅसेट आहे का हो कुणाकडे अजून?"
कुणीच बोललं नाही.
माझ्याकडची हार्डडिस्क दोन पावसाळ्यांपूर्वीच गेली.

संध्याकाळी एकटाच बसून मी कार्ड फाडलं नाही, ठेवलंही नाही.
'र'च्या गठ्ठ्यातलं रापणीचं पान काढलं,
जाळी, दोर, होडी, खांदे, या सगळ्याच्या खाली
तीन ओळी जोडल्या, साल घातलं,
आणि 'व'मध्ये, वखारीनंतर, वायंगणाआधी
एवढंच लिहिलं :
वाटा : पाहा, रापण.

सरांनी पाहिलं. शिंप उचलून दुसऱ्या कागदावर ठेवली.
याला संमती म्हणायची की कंटाळा, कोण जाणे.

रात्री इनासचा फोन.
कुणीतरी त्याला पान वाचून दाखवलं होतं.
"साल चुकलां हां. सात न्हय, सा.
माका बरोबर याद आसा, त्या वर्सा बर्फाचो कारखानो बंद पडललो."

मी पेन उचललं.
मग आठवलं, याला संदर्भ काय देणार?