पाव किलो

बाजवाड्यात घरांवर कौलं होती तेव्हा
खुमानभाई ती शाकारायला यायचा.
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबून
घसा ताणून ओरडायचा, "उपर चढुं छुं, बेनऽ!"
मग आजूबाजूच्या गच्च्यांवर
कुणी पदर सावरायचं, कुणी न्हाणीचं दार लोटायचं,
माझी आत्या केस पुसता पुसता आत पळायची.
मोजून दहा आकडे. मग त्याचं डोकं वर यायचं.
हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता.
खुमानभाईला तर सहीसुद्धा येत नव्हती.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला डिसेंबरात,
चौथ्या केमोनंतर.
वाटलं, गांधीलमाशी. किंवा कानातच काही,
डॉक्टर म्हणाले होते, असंही होतं.
दुपारी दोनला गच्चीवर कुणी नसतं, म्हणून मी
स्कार्फ काढून डोक्याला ऊन देत होते.
घरात मी तो काढत नाही. मुलगा नजर चुकवतो,
नवरा फार प्रेमानं बघतो, ते जास्त अवघड.
वर पाहिलं तर चार पात्यांचं काहीतरी
हवेत खुंटीला टांगल्यासारखं
आणि त्याच्या पोटाशी एक काळा डोळा, ओला वाटावा असा.

मी हातांनी डोकं झाकलं.
डोकं हातांपेक्षा मोठं निघालं.

मागच्या गल्लीतला पार्थिव शिर्के, वय एकोणीस.
विचारायला गेले तर खरंच शरमला.
"काकू, मी मांडवी शूट करत होतो.
आणि नियमात बसतं. दोनशे एकोणपन्नास ग्रॅम.
पाव किलोच्या आत परवाना लागत नाही."
मोबाइलवर नकाशाही दाखवला त्यानं:
हरणीकडे विमानतळाभोवती लाल, मग पिवळं.
आमचं घर नेमकं रेघेवर.
बोटानं मोठं केलं की पिवळं, लहान केलं की लाल.

पाव किलो.
रस्ताभर मी तेच तोलत आले.
पाव किलो म्हणजे भाकरवडीची एक पुडी,
पाव किलो म्हणजे उंधियूतली पापडी, दोघांपुरती.
माझे केस गेले ते भरले असतील का पाव किलो?
नसतील. जावेनं पिशवीत ठेवलेत, विचारायला हवं.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी
कुणाच्यातरी मांजानं त्याचं एक पातं धरलं.
सगळे ओरडले, "काप्योऽ छे!" पतंगासारखंच.
पण पतंग डुलत येतो, विचार करत येतो.
हे धोंड्यासारखं आलं
आणि घाटग्यांच्या गच्चीत, कल्याणीच्या बाळाच्या गोधडीपासून
हातभर अंतरावर फुटलं.
बाळ हसलं. ओरडणारे गप्प.

मग रावपुऱ्याहून जमादार आले, अर्ज झाले,
मंडळाच्या खोलीत गल्लीची सभा भरली.
बंदी घाला, दंड लावा, उंची ठरवा, नंबरप्लेट लावा.
एकजण म्हणाला, आपणच एक घेऊ, चोरांवर लक्ष राहील.
मग सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही बोला, वहिनी.

मी काय बोलणार.
आदल्या रात्री पार्थिव आला होता,
मोडक्या यंत्रातलं कार्ड घेऊन.
लॅपटॉपवर मांडवी होती, कबुतरं होती,
आणि सात सेकंद मी.
वरून. खुर्ची, सावली, आणि मधोमध
उन्हात चकाकणारं गोल काहीतरी.
मला आधी वाटलं, तांब्या उपडा ठेवलाय.
"पुसतो," म्हणाला, बोट कळीवर.
थांब, म्हटलं. पुन्हा एकदा लाव.
मग पुसलं त्यानं. मीच पुसायला लावलं.
त्या वर्षातला माझा दुसरा फोटो नाही.

सभेत मी इतकंच म्हटलं,
वजनाचं काय ते सरकार बघेल.
पण वर चढताना हाक मारायची असते.
पोरं एकमेकांकडे बघू लागली.
घाटगे आजोबांनी मात्र मान डोलावली
आणि सवयीनं खिडकीतून वर पाहिलं.

इतिवृत्तात लिहिलंय: वहिनींनी एक सूचना केली.
कोणती, ते नाही.