परखी

ही परखी. पितळेची, वीतभर, पन्हळीसारखी पोकळ.
पोत्यात खुपसायची, जराशी पिळायची,
की मूठभर गहू आपण होऊन तळहातावर येतो.
अठ्ठावीस वर्षं संयोगितागंजच्या मंडीत
मी ती खिशात वागवली.
कोटाच्या अस्तराला तिचं भोक अजून आहे.

तेव्हा भाव भोपाळहून यायचा,
कार्बनची तिसरी प्रत, पुसट.
आकड्यावर भांडण नसे. भांडण दाण्यावर:
माती किती, काळा किती,
दाताखाली तडकतो की दबतो.
मी "चालेल" म्हटलं की पोतं सरकारचं.
नाही म्हटलं की अजनोदची बैलगाडी
होती तशी भरलेली परत.
कधी कधी दाण्याचा काही दोष नव्हता,
मला जेवायला उशीर झाला होता.

मग देवास नाक्यावर कंपनीचं केंद्र उघडलं.
काचेची खिडकी, ओल मोजणारं यंत्र,
आणि पडद्यावर दर तासाला हलणारा आकडा.
सौरमबाई खातीण सोयाबीन घेऊन आली,
पडद्याकडे बघत राहिली, मग मला म्हणाली,
"बाबूजी, यो शिकागो कां है? उज्जैन का आगे?"
म्हटलं, हो. बरंच पुढे.

उद्या चढेल म्हणून दहा पोती तिनं खाटेखाली ठेवली.
उतरला.
म्हणाली, आधी तुम्हाला शिव्या तरी देता यायच्या,
घर ठाऊक होतं तुमचं.
आता कुणाच्या दारात जाऊन बसू?

पण हेही लिहायला हवं
की पुढच्याच साली तिनं तीन ठिकाणी भाव विचारला
आणि माल चौथ्याला घातला.
नोटा माझ्यासमोर मोजल्या, सावकाश,
थुंकी लावून, दोनदा.
माझ्या खिडकीशी इतकी वर्षं हात आले,
इतके निवांत एकही नव्हते.

काल सूनबाईनं मॉलमधून शरबती आणला,
पाच किलो, सीलबंद, पिशवीवर हसरा शेतकरी.
घरात कुणी नव्हतं.
परखी काढली. खुपसली, त्याच्या पागोट्याच्या जरा खाली.
दाणा चावला.
"चालेल," म्हटलं, मोठ्यानं.

रात्रभर त्या भोकातून
एकेक गहू ओट्यावर पडत होता.