उणे एक

एकवीस वर्षं मी नफा-तोटा शिकवतोय,
घणसोलीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून खाडीची खारफुटी आणि नवे टॉवर
एकाच खिडकीत मावतात.
पुस्तकातला व्यापारी दरवर्षी तोच.
बाराशेला घड्याळ घेतो, पंधराशेला विकतो.
त्याला नाव नाही, कधी ताप येत नाही,
त्याच्याकडे कुणी उधार मागत नाही.
मी स्वतः आजवर
एक खोडरबरही विकलेलं नाही.

जूनमध्ये नववी ब-च्या कृपाली मढवीने
माथाडी वसाहतीत जिन्याजिन्यावर कागद चिकटवला:
'वह्यांना कव्हर घालून मिळेल. नगाला आठ रुपये.'
खाली तौसिफचा नंबर.
अक्षर तिचं, फोन त्याचा, अशी भागीदारी.

पहिल्या रविवारी चाळीस वह्या.
सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्यापुढे उभी,
हातात कव्हर नसलेली वही.
'सर, विक्री तीनशे वीस.
तुर्भ्याहून आणलेले तीन रोल, एकशे पस्तीस.
लेबलं वीस, पिना दहा.
एनएमएमटीचं तिकीट, दोघांचं, जाऊन-येऊन साठ.
नफा पंच्याण्णव.'
मी म्हणालो, शाब्बास.
'पण डबा उघडला तर घातलेल्यातला एक रुपया कमी.'

बी-विंगच्या शेवंताकाकूंच्या बारा वह्या
'पगार झाला की देते'मध्ये अडकल्या होत्या.
शहाण्णव रुपये.
वहीत नफा, डब्यात उणे एक.
मी खडू खाली ठेवला.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तासांचा भागाकार केला.
दोघांचे मिळून आठ तास,
तासाला बारा रुपयेही पडेनात.
तौसिफ म्हणाला, मामाच्या गॅरेजात याहून जास्त मिळतात.
कृपाली लेबलावरचा डिंक नखाने खरवडत होती.
'मिळतात. पण तिथे भाव मामा ठरवतो.'

त्या आठवड्यात त्यांनी विकणं थांबवलं
आणि दारोदार जाऊन नुसतं विचारलं:
तुम्ही स्वतः का नाही घालत कव्हर?
एकीने दारच लावून घेतलं.
एकीने चहा दिला.
शेवंताकाकू म्हणाल्या,
'येतं गं मला. पण रात्री साडेनऊला
कात्री कुठं ठेवली ते आठवत नाही.'

ब्राऊन पेपर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो.
साडेनऊनंतरची अर्ध्या तासाची झोप
तिथं मिळत नाही.

नवा कागद:
'रात्री आठला नेऊ, सकाळी साडेसहाला दारात. बारा रुपये.
उधारी नाही.'
शेवटचे दोन शब्द लिहायला तिला
सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणे.
तीन घरं तुटली. सी-विंगच्या एका पोराने
सात रुपयांत सुरू केलं.
तो चारी बाजूंनी पिना मारायचा.
तिची कोपरा आत दुमडायची एक पद्धत होती,
आईकडून आलेली, चपातीची घडी घालावी तशी.
काही घरं परत आली. काही नाही आली.

आईला तिने कात्रीचं भाडं देऊ केलं.
आई हसली, मग घेतलं.

जुलैच्या दहा तारखेला मागणी संपली,
टाकीतलं पाणी संपावं तशी, कुणालाही न सांगता.
अडीच रोल उरले.
तौसिफच्या डोक्यात राख्यांची पाकिटं होती,
तिच्या डोक्यात काय होतं कळलं नाही.
उरलेल्या अडीच रोलांचं काय करायचं
हे गणित माझ्या पुस्तकात नाही.

ऑगस्टच्या चाचणीत मी सवयीने तोच प्रश्न घातला,
घड्याळाचा.
सगळ्यांनी लिहिलं, पंचवीस टक्के.
तिनेही लिहिलं, पंचवीस टक्के,
आणि खाली, पेन्सिलने, पुसता येईल असं:
'पण सर, घड्याळ आणायला तो बसने गेला असेल ना?'

लाल पेनचं टोपण काढून
मी बराच वेळ तसाच बसलो.