चावीवाल्याचा पास

खानापूर सोडून इदलहोंडच्या अंगाला
सहा किलोमीटर माझे होते.
एकतीस वर्षं. जाताना डावा रूळ, येताना उजवा,
खांद्यावर हातोडा, पिशवीत दोन झेंडे
आणि फटाके. दिवाळीचे नव्हेत,
गाडी थांबवायचे.

चावी घट्ट असली तर टण्ण वाजते.
सैल असली तर आजारी माणसानं
'बरं आहे की' म्हणावं तसं.
एकदा मोरीजवळ अस्वल बसलेलं,
मी लाल झेंडा दाखवला.
ते उठून गेलं. नियमात तेवढंच लिहिलंय.

गाडी आली की खाली उतरायचं,
तोंड गाडीकडं करून उभं राहायचं.
खिडक्यांतून सालं यायची, बाटल्या यायच्या,
एकदा लहान पोराचा एक बूट.
तो मी करवंदीच्या जाळीवर टांगून ठेवला
पाऊस लागेपर्यंत.

निवृत्त झालो आणि पासाचा कागद काढला.
पारू म्हणाली, "एकटंच कुठं जाऊलायसा?"
म्हटलं, रूळ कुठवर जातात बघून येतो.
"रूळ कुठं जातात? रूळ हितंच असतात,
जाते ती गाडी."
आणि काराळ्याची चटणी डब्यात दाबून भरली.

सकाळच्या पॅसेंजरनं माझे सहा किलोमीटर
आठ मिनिटांत संपवले.
मोरी आली तेव्हा
शेजारचा माणूस मोबाईलवर भांडत होता.
बेळगावात मोठी गाडी. तिकिटावर छापलेलं:
मष्णू रवळू घाडी, एकसष्ट, पुरुष, खालचा बर्थ.
तीनदा वाचलं.
हजेरीबुकात एकतीस वर्षं 'मसनू' होतं.

घटप्रभेपर्यंत ऊस.
मिरजेच्या अलीकडं कधीतरी पाट्यांवरचं कन्नड गेलं.
इटारसीला समोरच्यानं विचारलं, कुठले?
कर्नाटक.
मग मराठी कसं बोलता घरी फोनवर?
त्याला भाकरीचा तुकडा दिला. म्हटलं,
ही गोष्ट दिल्लीपर्यंत संपायची नाही.

दिल्लीत एक रात्र बाकावर, पिशवी उशाला.
मग बिहार, दोन्ही बाजूंना पाणी,
मधे भराव, भरावावर आम्ही सगळे.
लोक झोपले होते. माझा कान बर्थला लागलेला.
कटिहारच्या अलीकडं एक सांधा सैल वाजला.
उठून बसलो.
कुणाला सांगणार? कुठल्या भाषेत?

पहाटे धुक्यात तो दिसला.
गळ्याशी मफलर, खांद्यावर हातोडा,
खाली उतरून, तोंड गाडीकडं करून.
मी खिडकीतून हात केला.
त्यानं केला नाही.
चाकांकडं बघत होता.
बरोबर आहे. मी तरी कधी
खिडकीकडं बघितलं होतं?

दिब्रुगडला रूळ संपतील असं वाटलं होतं.
संपले नव्हते.
फलाटाच्या टोकाशी गेलो,
कुणी बघत नाहीसं बघून
टाचेनं एक चावी दाबली. घट्ट.
ते काम झालं, मग चहा प्यायलो.

येताना बेळगावला उतरायचं होतं.
बेळगाव झोपेत गेलं, खानापूर झोपेत गेलं,
माझे सहाच्या सहा किलोमीटर
मी घोरत पार केले,
आदल्या सकाळी ज्यानं कुणी ठोकले असतील
त्याच्या भरवशावर.

लोंढ्याला जाग आली. अंधार, गार फलाट.
चहावाला म्हणाला, "एल्लिंद बंद्री?"
म्हटलं, दिब्रुगडहून.
त्यानं कप भरता भरता विचार केला.
"धारवाडच्या पलीकडं काय?"
"हां. थोडं पलीकडं."

सुट्टे पैसे मोजून दिले.
पहिल्या पॅसेंजरनं मागं खानापूरला आलो,
दारात उभा, झोप लागू नये म्हणून.
उतरलो. गाडी सुटली
इदलहोंडच्या अंगाला.
मी तोंड गाडीकडं करून उभा राहिलो,
शेवटचा डबा जाईस्तोवर.