पाचवीची रात्र

वडाळ्याच्या प्रसूतिगृहातून रक्त आलं
स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये, थर्माकोलच्या डब्यात.
नाळेतलं. एरवी फेकून देतात.
बाळाचं नाव कागदावर नसतं,
मी वहीत लिहिलं: वडाळा सात.

गाळून, चुंबकाने ओढून
हाती लागल्या नखावर मावतील एवढ्या पेशी.
रक्ताच्या आया.
गाढ झोपलेल्या.

आमचा विषाणू तसा गरीब.
दात उपटलेले, वंश खुंटवलेला,
पाठीवर एकच ओझं: हिमोग्लोबिनचा दुरुस्त पाठ.
दारापर्यंत जातो, कडी वाजवतो,
आतून कोणी ओ देत नाही.
वडाळा एक ते सहा,
शंभरातल्या अठरा घरांत शिरला, तेवढंच.

मग जागं करा. पण किती?
पुरती जागी झाली की आईपण विसरते,
उठून कामाला लागते, लाल होते,
चार महिने राबून संपते.
हवी आहे फक्त कूस बदलणारी,
झोपेतच दार किलकिलं करणारी.

जिनल भानुशाली, मुलुंड, इयत्ता चौथी,
दर एकवीस दिवसांनी खालच्या वॉर्डात
कोणा अनोळखी माणसाची बाटली चढवून घेते.
एका अक्षराची चूक, आईकडूनही, वडिलांकडूनही.
तिने विचारलं, किती मार्क पडले?
अठरा, म्हटलं.
"नापास," म्हणाली, आणि सुई लावलेला हात न हलवता
दुसऱ्या हाताने चित्र रंगवत राहिली.

तडवी आमचा टेक्निशियन, यावलचा.
मी तीन महिने शोधनिबंध उपसत होते,
तो बशी उजेडात धरून म्हणाला,
"मॅडम, पाणी फार झालंय.
दोघं शोधतायत एकमेकांना, तळ्यात.
चमचाभर ठेवा. गाठ पडेल."

आज पाचवी रात्र.
माझ्या पाचवीला आईने पाटावर
कोरा कागद ठेवला होता, बोरू, आणि जागी राहिली होती
सटवाई काय लिहिते ते पाहायला. डोळा लागलाच तिचा.
अँटॉप हिलच्या कुठल्याशा खोलीत
खऱ्या वडाळा सातचीही आज पाचवी असेल.
इथे सदतीस अंशांच्या कपाटात त्याच्याच पेशी,
आणि बोरू माझ्या हातात. याची भीती वाटते.
कारण ओळ कुठे बसेल हे विषाणू विचारत नाही.
एका घरात एक पाहुणा ठीक, दोन चालतील,
पाच शिरले तर घरच पेटायचं.

बाई गं, तुझं लिहिलेलं मी खोडत नाही.
समासात थोडी जागा दे.

पावणेतीनला मशीनवर ठिपके सरकले
उजवीकडे. एकेचाळीस.
तडवी काही बोलला नाही, चहाचं पाणी ठेवलं.
पुढे उंदीर आहेत, समित्या आहेत, वर्षं आहेत,
जिनल तोवर दहावीला असेल, किंवा

सोमवारी ती येईल.
पस्तीसला पास असतात, एवढं तिला माहीत आहे.
बाकीचं कसं सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.