वाऱ्यावर

लुपेनीच्या खाणीचा भोंगा कायमचा गप्प झाला
त्या संध्याकाळी गुत्त्यात जो तो एकच बोलत होता :
आपल्याला वाऱ्यावर सोडलं.

एकोणीस वर्षं मी खाली जात होतो.
पिंजरा सुटला की कानाला दडे बसायचे.
तिथं वारा म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी घरघरणारा पंखा.
तो थांबला तर बोलणं थांबवायचं,
दिव्याकडे बघायचं
आणि पळायचं.

पेत्रोशानीत पवनचक्क्यांची शाळा निघाली.
चौकशीला गेलो, खरं तर आत हिटर होता म्हणून.
शिकवायला स्मारांदा, वय सव्वीस.
माझ्या मांड्यांना पट्टे आवळत म्हणाली,
आकडे दोन. दुसरा अडकवल्याशिवाय पहिला सोडायचा नाही.
नोकरीबद्दल बायकोही हेच सांगत आली होती.

मेहुणा इलारिओन माझ्याबरोबरच आला होता.
डॉक्टरनं त्याला नळीत फुंकायला लावलं,
काटा अर्ध्यावरसुद्धा गेला नाही.
पंचवीस वर्षांची धूळ कागदावर एका ओळीत मावली.
माझी चाचणी होईस्तोवर
तो बाहेर बाकावर माझे बूट सांभाळत बसला.

पहिल्या दिवशी बाराव्या मीटरवर मी थिजलो.
अख्खा डोंगर डोक्यावर घेऊन डबा खाल्लेला माणूस मी,
पायाखाली मोकळी हवा म्हटल्यावर घाम फुटला.
स्मारांदा खालून ओरडली नाही.
वर आली, शेजारी लटकली,
खिशातून सफरचंद काढून खाल्लं, सावकाश.
म्हणाली, खोल तर तेव्हाही होतं.
दिसत नव्हतं, एवढंच.

आता दोब्रुजात असतो. घरापासून आगगाडीनं एक रात्र आणि वर थोडं.
तीन आठवडे इथं, एक आठवडा तिथं.
मातेई फोनवर विचारतो, आज किती फिरलं?
आकडा सांगितला की वहीत लिहितो.
बायको विचारते, जेवलास का.
मग दोघंही थोडा वेळ गप्प असतो,
त्या वेळेचा भत्ता पगारात धरलेला नाही.

शंभर मीटरवर बोल्ट आवळायचे,
एकेकावर खडूची खूण करत.
पान्याला कुठं कळतं, डोंगर वर आहे की खाली.
हात काळे होतात, पण हे काळं साबणानं निघतं.
बायकोनं यंदा पहिल्यांदा पांढरे अभ्रे आणले.
बँकेच्या अर्जात धंद्याचा रकाना होता.
वारा, असं लिहिलं. कारकुनानं दोनदा वाचलं.

खाणीत उतरताना आम्ही एकमेकांना म्हणायचो, नोरोक बुन,
भलं होवो.
इथल्या पोरांत तशी रीत नाही.
शिडीच्या पहिल्या पायरीवर मी ते पुटपुटतो,
मग चढतो.
वरचं झाकण उघडलं की काळा समुद्र दिसतो,
नावापुरताच काळा.

एकदा तिथून इलारिओनला फोटो पाठवला.
उत्तर दोन दिवसांनी आलं :
छान आहे.
बूट नवे घेतलेस का?